पंडिता रमाबाई : आचरणात उतरलेला धर्म

नामपल्ली स्थानकावरून मुंबईकडे जाणारी गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. सुट्टीत आजोळी जाणाऱ्या मुलांना वाडी, गुलबर्गा, सोलापूर, दौंड ही वाटेवरील स्थानके तोंडपाठ असतात. दौंड मागे पडले की पुण्याचे वेध लागतात, सामानाची आवराआवर सुरू होते आणि त्या धांदलीत केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक मागे सरकते. खिडकीशी बसलेल्याच्या ते ध्यानातही येत नाही. परंतु एके काळी याच केडगावच्या माळावर सुमारे दोन हजार निराधार मुली व स्त्रिया एका बाईच्या मायेखाली दोन वेळचे अन्न खात होत्या, शिकत होत्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहत होत्या. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

आपण राहतो त्या नामपल्लीच्या परिसरात युसुफैन दर्गा आहे, देवळे आहेत आणि थोड्याच अंतरावर गनफाउंड्रीचे मोठे ख्रिस्तमंदिर आहे. सकाळ-संध्याकाळ अजान, आरती आणि घंटानाद आपल्या कानी पडतो. धर्माचा ध्वनी असा सर्वत्र ऐकू येतो. परंतु धर्म माणसाच्या हातापायांत, त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या रोजच्या वागणुकीत उतरला आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी व्याख्यान देऊन दिले नाही. त्यांनी ते चौसष्ट वर्षे जगून दिले. म्हणून त्यांचे चरित्र, वाचक हिंदू असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती असो, सर्वांनी अभ्यासावे असे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असता पेशव्यांच्या घरातील एक स्त्री संस्कृत शिकते, हे त्यांनी पाहिले होते आणि तेव्हापासून आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी असा ध्यास त्यांच्या मनाने घेतला होता. लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले. त्या काळी हा मोठाच अपराध! शास्त्रीबोवांना उडुपीच्या विद्वत्सभेपुढे उभे राहून शास्त्राधारांनी आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले. पुढे लोकनिंदेला कंटाळून त्यांनी अरण्यात घर बांधले आणि तेथेच विद्यादान चालविले.

रमा अवघी सहा महिन्यांची असताना या कुटुंबाने तीर्थयात्रेला प्रस्थान ठेवले. वेताच्या पेटीत घालून तिला डोंगराखाली उतरविण्यात आले. त्यानंतर कित्येक वर्षे या मंडळींना स्थिर घर म्हणून मिळाले नाही. गावोगावी पुराण सांगावे, मिळेल ते घ्यावे आणि पुढील तीर्थाची वाट धरावी, असा क्रम चालला होता. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमेच्या शिक्षणाचा भार आईने उचलला. दिवसभर घरकामाचा रगाडा असे. त्यामुळे पहाटे, पक्षीही जागे होण्यापूर्वी, लक्ष्मीबाई निजलेल्या मुलीला मांडीवर घेऊन हळुवार जागे करीत आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. भागवताचे १८,००० श्लोक रमेला मुखोद्गत झाले ते या पहाटेच्या शाळेत. ज्ञानदान हे घरातील कष्टाचे काम आहे, त्यासाठी झोप मोडावी लागते, हा धडा तिने आईकडून घेतला. तो तिला जन्मभर पुरला.

पुढे १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. पुराण ऐकावयास श्रोते उरले नाहीत व दक्षिणा द्यावयास दाते उरले नाहीत. घरातील किडूकमिडूक विकून झाले. काही दिवस तर रानातील पानांवर काढावे लागले. वडिलांनी देह ठेवला. उरलेली मंडळी कशीबशी रायचूरला पोहोचली. रायचूर त्या वेळी निजामाच्या म्हणजे आपल्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे लक्ष्मीबाई अंथरुणाला खिळल्या. भुकेने व्याकूळ झालेल्या आईसाठी रमेने शेजारच्या दारी जाऊन बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. आजवर कोणापुढे असा हात पसरला नसल्याने तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या दयाळू बाईने भाकरी दिली. परंतु आईच्या अंगी ती गिळण्याचेही त्राण उरले नव्हते. लक्ष्मीबाई गेल्या. तिरडीला खांदा द्यावयास माणसे पुरेशी मिळेनात. तेव्हा रमा स्वतः पुढे झाली. तिची उंची कमी पडल्यामुळे तिला आईची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. मागोमाग थोरली बहीणही गेली. हे सारे काही महिन्यांच्या अवधीत घडले.

उरली ती दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा. त्यांनी हजारो मैलांची पायपीट केली. थंडीत पांघरूण नाही म्हणून पंजाबात झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे संस्कृतावरील प्रभुत्व पाहून तेथील पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या अर्पण केल्या. कालपर्यंत उपाशी भटकणाऱ्या मुलीचे नाव देशभर दुमदुमू लागले.

हे सुख फार काळ टिकले नाही. १८८० साली डाक्का येथे श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. ते जातीने ब्राह्मण नव्हते, प्रांतही वेगळा होता. तेव्हा दोन्हीकडील समाज रुष्ट झाला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या विकाराने पतीचे निधन झाले. चोविसावे वर्षही पुरे न झालेली ही विधवा, कडेवर दहा महिन्यांची पोर घेऊन, पुन्हा जगात एकटी उभी राहिली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. तेथील सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची किती निकड आहे, हे निर्भीडपणे मांडले. आपणच वैद्यकी शिकावी अशी त्यांना ओढ लागली आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. परंतु त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते व ते व्यंग वाढत गेले. डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथेच मावळले.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या एका आश्रमात त्या राहत. ख्रिस्ती ग्रंथ त्यांच्या वाचनात पूर्वीच आले होते. सिलचरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. परंतु त्यांच्या मनाने ठाव घेतला तो लंडनमधील फुलहॅम भागातील एक आश्रम पाहून. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे भगिनी मायेने सांभाळीत होत्या. त्यांच्याशी तुच्छतेने बोलणारे तेथे कोणी नव्हते. अशा स्त्रियांना शिक्षा व तिरस्कार यांवाचून दुसरे काही मिळताना रमाबाईंनी पाहिले नव्हते. या वागणुकीचे मूळ कशात आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविली. आधी सेवा दिसली आणि मग शिकवण समजली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

स्वदेशात या वार्तेने खळबळ उडाली. ज्या पंडितेचा गौरव केला, तिने परधर्म स्वीकारावा याचे अनेकांना दुःख झाले, कित्येकांना संताप आला. तो काळ परकीय सत्तेचा होता; राज्यकर्त्यांचा धर्म घेणे म्हणजे स्वजनांना अंतरणे, असे लोकांना वाटणे स्वाभाविक होते. महात्मा जोतीराव फुले यांच्यासारखे थोडेच त्यांच्या बाजूने उभे राहिले.

परंतु रमाबाईंना समजून घ्यावयाचे तर आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. धर्म बदलला तरी त्यांनी आपली विचारशक्ती कोणाच्या स्वाधीन केली नाही. आश्रमातील भगिनींशी व चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार चाले. त्यात त्या आपल्या शंका धीटपणे मांडीत आणि पटले नाही ते पटले नाही म्हणून सांगत. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे काही बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी स्पष्ट नापसंती कळविली. आपली सदसद्विवेकबुद्धी देवाने दिली आहे, ती माणसाच्या आज्ञेखाली गहाण टाकावयाची नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांचा शाकाहार सुटला नाही, साडीही सुटली नाही. ख्रिस्ती व्हावयाचे म्हणजे साहेब व्हावयाचे, हा समज त्यांनी आपल्या राहणीने खोटा पाडला.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी बालशिक्षणाच्या पद्धतींचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि गावोगाव व्याख्याने दिली. परिणामी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साहाय्याचे आश्वासन मिळाले. मायदेशी परतताच ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. बालविधवांना आश्रय व शिक्षण देणारी ही संस्था पुढील वर्षी पुण्यास आली. तिच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. महर्षींच्या पुढील कार्याचा विचार करताना शारदा सदनाचे हे ऋण विसरता येणार नाही.

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा नियम होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. मात्र दार लावून घेत नसत. काही मुली प्रेमाने तेथे येऊन बसू लागल्या, काहींच्या मनावर त्याचा परिणामही झाला. यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणावयाचे होते. पोर विश्वासाने सोपविली, ती आपल्या धर्मातून जाईल की काय, ही पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. उलट, मी जे अंतःकरणापासून मानते ते लपवून ठेवणे म्हणजे मुलींना खोटेपणा शिकविणे होय, असे रमाबाईंना वाटे. उघड्या दारावरून झालेला हा कलह आजही विचार करावयास लावणारा आहे. रमाबाईंनी दार उघडे ठेवले आणि त्याची किंमतही मोजली. सदन अर्धे रिकामे झाले, जुने स्नेही दुरावले. परंतु राहिलेल्या मुलींचा अभ्यास व स्वयंपाक एक दिवसही थांबला नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. ती ऐकताच रमाबाईंच्या डोळ्यांपुढे रायचूरचे ते दिवस उभे राहिले असतील! त्या स्वतः तेथे गेल्या. अनाथ, अस्थिपंजर झालेल्या मुली व तरुण विधवा रस्त्यावर भटकत होत्या आणि त्यांना फसवून नेणारे दुष्ट लोकही टपून बसले होते. त्यांनी सुमारे तीनशे जणींना बरोबर आणले. इतक्यांना पोसण्याइतके द्रव्य हाती नव्हते. अमेरिकेच्या साहाय्याची दहा वर्षेही संपत आली होती. शिवाय पुण्यात प्लेग सुरू झाल्याने एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. सुदैवाने केडगावजवळ फळबागेसाठी म्हणून त्यांनी काही जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या गेल्या, भिंती चढल्या आणि मुक्ती सदन जन्मास आले. पुढे १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि आश्रमाची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली.

मुक्ती सदनातील दिनक्रम पाहिला म्हणजे रमाबाईंचा धर्म कोठे राहत होता हे उमगते. पहाटे उठावे, प्रार्थना करावी आणि मग कामाला लागावे. कोणी दळण दळी, कोणी गाईंची धार काढी. कोणी शेतात, कोणी मागावर, तर कोणी तेलाच्या घाण्यावर काम करी. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याही मुलीच होत्या. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या स्त्रिया नव्या मुलींच्या आया व शिक्षिका झाल्या. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या अंगावर खरूज व जखमा असत, उपासमारीने त्यांचे स्वभाव चिडखोर झालेले असत. त्यांना न्हाऊ-माखू घालणे, औषध लावणे, चोरून अन्न लपविण्याची सवय मायेने मोडणे, हे सारे करावे लागे. अंध मुलींसाठी मनोरमेने स्पर्शाने वाचावयाची ब्रेल लिपी शिकून घेतली व त्यांचा वर्ग सुरू केला. संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. येथे जात विचारली जात नसे. पांढरे जाडेभरडे लुगडे नेसलेली, कानांनी अधू झालेली पंडिता या सर्वांमध्ये वावरत असे. ज्या मुखाने कलकत्त्याची विद्वत्सभा जिंकली, तेच मुख आता खेड्यातील अक्षरशत्रू पोरीला मुळाक्षरे शिकवीत होते. एका भाकरीसाठी ज्या मुलीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तिच्या दारी कोणालाही भाकरी मागावी लागू नये, अशी तिने तजवीज केली होती.

सौम्यपणा म्हणजे दुबळेपणा असे मात्र कोणी समजू नये. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या छावण्यांत व रुग्णालयांत स्त्रियांची हेळसांड होते, त्यांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, हे दिसताच त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारचे वाभाडे काढले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून त्यांना झुकते माप देणे त्यांना ठाऊक नव्हते. अन्याय करणारा कोणत्या धर्माचा आहे, हे त्या पाहत नसत. सोसणारी स्त्री कोण आहे, तेवढेच पाहत.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक प्रचंड काम अंगावर घेतले. मराठी बायबलची त्या वेळी प्रचलित असलेली भाषा खेड्यातील बायकांना कळावयास जड जाते, असे त्यांच्या अनुभवास आले होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या पंडितेने अवघड शब्द बाजूस सारून साध्या बायकांचे शब्द निवडावेत, यातच तिची विनम्रता दिसते. हे पुस्तक मुक्ती सदनातच, तेथील मुलींच्या हातून छापले गेले.

मनोरमा आता आईचा उजवा हात झाली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गुलबर्ग्याला, म्हणजे पुन्हा हैदराबाद संस्थानातच, या मायलेकींच्या प्रयत्नाने शाळा निघाली व तिचा भार मनोरमेने वाहिला. ज्या संस्थानाच्या मातीत रमाबाईंनी आपल्या आईचा अंत्यविधी केला, तेथेच त्यांनी इतरांच्या लेकींसाठी विद्येचे दार उघडले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. परंतु नियतीला अजून एक आघात करावयाचा होता. जुलै १९२१ मध्ये चाळिशीतच मनोरमा गेली. रमाबाईंचे आता जगात रक्ताचे कोणी उरले नाही. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून होताच त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात. तो दिवस होता ५ एप्रिल १९२२.

पुढे १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचा आश्रम आजही चालू आहे. तरी त्यांचे खरे स्मारक तिकिटावर किंवा इमारतीत शोधू नये. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी कन्या, अशी एकामागून एक माणसे काळाने हिरावून नेली. स्वजन रागावले, स्नेही दुरावले, कान अधू झाले. एवढे सोसलेल्या माणसाचे मन कडू होते. रमाबाईंचे झाले नाही. आपल्या दुःखाचा त्यांनी इतरांची दुःखे ओळखण्यासाठी उपयोग केला. त्यांची श्रद्धा प्रार्थनेत होती तशीच ती जात्यावर, गोठ्यात, आजाऱ्याच्या उशाशी आणि छापखान्यातील खिळ्यांच्या पेटीतही होती.

विद्यार्थी मित्रहो, आपण सर्व निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या उपासना पाहत शाळेत येतो. रमाबाईंनी जो मार्ग धरला तोच सर्वांनी धरावा, असे या लेखाचे सांगणे नाही. परंतु जो मार्ग आपला मानला, त्यावर मनापासून चालावे आणि त्याची परीक्षा घरातील व शाळेतील रोजच्या वागणुकीत द्यावी, एवढे त्यांच्यापासून आपल्याला घेता येईल. पुढच्या खेपेस नामपल्लीहून गाडीत बसाल, तेव्हा दौंड गेल्यावर क्षणभर सामान आवरणे थांबवा आणि केडगावची पाटी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहा. त्या माळाकडे पाहताना आईची तिरडी डोक्यावर घेऊन चाललेली रायचूरची ती मुलगी आठवली, तर या थोर स्त्रीला आपण मनोमन वंदन केल्यासारखे होईल.